गडद निळी फायबर होडी: दिसायला दहापैकी दहा, सांभाळायला चार

निकाल आधीच सांगून टाकू. १८ ते २४ फुटांची, आउटबोर्डवर चालणारी आणि वर्षातले आठ महिने किनाऱ्यावर किंवा जेटीला उन्हात उभी राहणारी फायबरची होडी असेल, तर बॉडी पांढरी, फिकट क्रीम किंवा फिकट राखाडी घ्या आणि रंगाची हौस वरच्या पट्ट्यात भागवा. गडद निळा, काळा किंवा बाटलीहिरवा घ्यायचाच असेल, तर वेगळं रेझिन (काचेच्या धाग्यांचे थर बांधून घट्ट होणारा द्रव), थरांची वेगळी मांडणी आणि दरवर्षीची जास्तीची मजुरी, तिन्ही मान्य असायला हवं. लाल बहुतेकांनी टाळावाच.

गडद रंगाचा खरा प्रश्न रंग उडण्याचा नाही, उष्णतेचा आहे. एप्रिलमध्ये हवेत ३५ अंश असताना पांढऱ्या बॉडीचा पृष्ठभाग ४५ अंशांच्या आसपास राहतो. त्याच जागी उभ्या गडद निळ्या किंवा काळ्या बॉडीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर आकडा ६५ ते ७० पर्यंत जातो, वारा पडला असेल तर त्याच्याही वर. कोकणात छोट्या होड्या सर्रास ज्या ऑर्थो पॉलिएस्टर रेझिनमध्ये बांधतात, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. म्हणजे पांढरी होडी या मर्यादेच्या बरीच अलीकडे थांबते, आणि निळी रोज दुपारी तिथे जाऊन परत येते.

परिणाम पहिल्याच उन्हाळ्यात दिसतो. साच्यातून काढताना आरशासारखी असलेली बाजू मे महिन्यात तिरकी पाहिली की आतल्या वोव्हन रोव्हिंगची (काचेच्या जाड धाग्यांच्या विणलेल्या कापडाची) चौकड जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या रंगीत थरावर, उमटलेली असते. उष्णतेने रेझिन उरलेलं क्युअरिंग (घट्ट होणं) पूर्ण करतं आणि करताना आकसतं. जिथे रेझिन जास्त तिथे जास्त आकसतं, धाग्यावर कमी. पांढऱ्यावरही हे थोडंफार होतं, पण डोळ्यांना दिसत नाही. गडद चकचकीत पृष्ठभागावर लपत नाही. ही चौकड पॉलिशने जात नाही. घासून सपाट केली तरी पुढच्या उन्हाळ्यात थोडी परत येते.

त्यामुळे ऑर्डर देताना रंगाच्या कार्डावर बोट ठेवण्याआधी कारखानदाराकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, जेलकोट आयसो-एनपीजी प्रतीचा (ऊन-पाण्याला जास्त टिकणाऱ्या पॉलिएस्टरचा). दोन, जेलकोटच्या मागचा पहिला थर चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचा (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचा) आणि तो व्हिनाइल एस्टर रेझिनमध्ये. हे रेझिन १०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. हा थर पूर्ण घट्ट होऊ द्यायचा, निदान एक रात्र, मगच पुढचे थर. तीन, वोव्हन रोव्हिंग बाहेरच्या बाजूपासून शक्य तितकं लांब. मध्ये मॅटचे दोन थर किंवा कोअरमॅट (जाडी देणारी मऊ चटई) असावं. होडी साच्यात आठवडाभर तरी राहू द्यायला सांगा. सीझन तोंडावर आला की साचा रिकामा करण्याची घाई असते, आणि गडद रंगाच्या होडीला नेमकी तीच महागात पडते.

सँडविच बांधणीची, म्हणजे मध्ये पीव्हीसी फोम असलेली होडी असेल तर आणखी जपायला हवं. साधा पीव्हीसी फोम अशा उष्णतेत मऊ पडतो, त्यातून वायूही सुटतो आणि वरची कातडी फुगून सुटी होते. फोमच्या बाजूंवर गडद रंग नको, किंवा मग जास्त तापमानाला टिकणाऱ्या प्रतीचा फोम घ्या. साध्या एकेरी फायबरच्या होडीला ही भीती नाही.

जेलकोटच्या ड्रमवरचं लेबल स्वतः पाहा. हे का सांगावं लागतं, तर काही ठिकाणी साध्या रेझिनमध्ये घट्ट करायची पावडर आणि पिगमेंट पेस्ट घुसळून त्यालाच जेलकोट म्हणतात. पांढऱ्यात ते खपून जातं. निळ्यात दुसऱ्या वर्षी बोट फिरवलं की बोटाला खडूसारखी पावडर लागते. रंग शक्यतो कंपनीतूनच मिसळून आलेला घ्या. कारखान्यात पेस्ट मिसळणार असतील तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. गडद रंग दाट यावा म्हणून पेस्ट ओतत राहिलं की जेलकोट नीट कडक होत नाही. हाताने घुसळलेल्या रंगात पट्टेही राहतात, आणि ते दुपारच्या उन्हात नाही, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दिसतात.

कॅटलिस्टचं, म्हणजे जेलकोट घट्ट करणाऱ्या रसायनाचं, प्रमाण हा पुढचा मुद्दा. कोकणातल्या ३० ते ३२ अंशांच्या हवेत दीड ते दोन टक्के पुरतं. एक टक्क्याच्या खाली गेलं तर जेलकोट कच्चा राहतो आणि लवकर पांढरा पडतो. तीनच्या वर गेलं तर ठिसूळ होतो. २० फुटी होडीच्या दोन्ही बाजू आणि मागची फळी मिळून साधारण १० चौरस मीटर भरतात. चौरस मीटरला ६०० ग्रॅम धरलं तर नुकसानीसकट ६ ते ७ किलो जेलकोट लागतो आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. जाड जेलकोट म्हणजे चांगला, हा समज चुकीचा आहे. पाऊण मिलिमीटरच्या वर गेला की होडी लाटेवर आपटताना त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि गडद रंगावर त्या पांढऱ्या जाळ्यासारख्या उठून दिसतात.

आगाऊ रक्कम देण्याआधी नमुना मागा. एक फूट बाय एक फूट, त्याच जेलकोटचा आणि त्याच थरांचा तुकडा. अर्ध्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून तो पत्र्याच्या छपरावर ठेवा. मार्च-एप्रिलचे दोन महिने मिळाले तर उत्तम, नाही तर तीन आठवड्यांतही धाग्यांची चौकड उमटते की नाही ते कळतं. नमुना हातात आल्या दिवशी ॲसिटोन लावलेल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यावर वीसेक वेळा घासून पाहा. रंग फडक्यावर आला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर जेलकोट कच्चा आहे. ज्यांच्याकडे बारकोल मीटर (कडकपणा मोजणारं यंत्र) आहे त्यांनी ३५ च्या खालचा आकडा नाकारावा.

होडी ताब्यात घेताना ट्यूबलाइट घेऊन जा. अंधार पडल्यावर ट्यूब बाजूला समांतर धरायची आणि नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या फळीपर्यंत चालत जायचं. प्रतिबिंब सरळ राहिलं पाहिजे. आतले रिब (आधाराच्या फासळ्या) जिथे चिकटवले आहेत तिथे ते मोडलं, तर रिब थेट कातडीवर बसवलेत. मध्ये फोमची पट्टी किंवा लांबीचा (पुटीचा) गोलवा द्यायला हवा होता. पांढऱ्या होडीत हा दोष दहा वर्षं कुणाला दिसणार नाही. निळीत पहिल्या ग्राहकाला दिसेल.

आता एकेका रंगाचं. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाला टिकतं आणि चुका झाकतं, त्यामुळे त्याच्याशी स्पर्धा नाहीच. गडद निळ्यात बहुधा थॅलो निळा आणि थोडा कार्बन ब्लॅक असतो. ही दोन्ही पिगमेंट स्वतः उडत नाहीत. वरचं रेझिन उन्हाने मरतं आणि त्याची पांढरट साय येते. म्हणून जुनी निळी होडी बरेचदा वाचवता येते. भडक लालचं उलटं. बहुतेक भडक लाल पिगमेंट उन्हात स्वतःच मरतात, होडी गुलाबी होते आणि तिला पॉलिशने परत लाल करता येत नाही. लालच हवा असेल तर विटकरी घ्या, तो लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. फिकट आकाशी आणि फिकट हिरवा हे खरं तर सगळ्यांत शहाणे रंगीत पर्याय: पांढऱ्यापेक्षा थोडेच तापतात, आणि त्यांच्यावर साय आली तरी लांबून कळत नाही. कारखानदार ते सुचवत नाहीत, कारण फोटोत निळी जास्त खपते.

दिसण्याचा एक वेगळा अर्थही आहे. गडद निळी किंवा राखाडी होडी तिन्हीसांजेला समुद्रात पुसली जाते. तारकर्ली-देवबागला पर्यटक नेणारी, किंवा वॉटर स्पोर्टची होडी असेल तर शोधायला निघालेल्याला ती दिसली पाहिजे, म्हणून नारिंगी किंवा पिवळा. ते उडतात, हे मान्य. पण नारिंगी रंग छतावर, काठावर आणि आतल्या डेकवर घेऊन बाजू पांढऱ्या ठेवल्या तर दोन्ही साधतं. मासेमारीच्या नौकांना राज्यनिहाय रंगसंकेत आहे, तेव्हा तिथे स्वतःची आवड चालवण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला विचारा. नोंदणी क्रमांक बॉडीच्या रंगावर ठळक उठून दिसायला हवा: गडदवर पांढरा, फिकटवर काळा. निळ्यावर लाल अक्षरं तटरक्षक दलाच्या दुर्बिणीत वाचता येत नाहीत, तरी रंगारी ती काढतात.

रोजच्या देखभालीत गडद होडी मागते ते मुख्यतः गोडं पाणी. परत आल्यावर २० ते ३० लिटर पाणी वरून खाली सोडायचं, मीठ आणि वाळू वाहून जाऊ द्यायची, मगच फडकं लावायचं. कोरड्या मिठावर फडकं फिरवलं की ओरखडे आलेच. पांढऱ्यावर ते नसल्यासारखेच. निळ्यावर सूर्यप्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. नारळाचा काथ्या, तारेची घासणी, भांड्यांची हिरवी जाळी बॉडीला लावू नका. काथ्या बुडाला ठीक आहे, बाजूंना नाही. भांड्यांचं लिक्विड मेण काढून टाकतं, म्हणून गाड्यांचा शाम्पू. कावळ्यांची आणि कुरवांची शिट त्याच दिवशी धुवा. गडद तापलेल्या जेलकोटवर ती दोन-तीन दिवसांत डाग कोरते.

मेण वर्षातून तीनदा: मेअखेर होडी वर ओढण्याआधी, पाऊस संपल्यावर, आणि फेब्रुवारीत. पांढऱ्याला दोनदा पुरतं. कार्नोबा मेण सुमारे ८२ अंशांना वितळतं, म्हणजे काळ्या होडीवर ते आपल्या मर्यादेच्या फार दूर नसतं. म्हणून गडद रंगाला नुसत्या कार्नोबापेक्षा पॉलिमर सीलंट किंवा दोन्हींचं मिश्रण बरं. आयात मालात कॉलिनाइटचं ८४५ लावायला सोपं, पातळ असल्याने पुसताना दम लागत नाही. त्यांचंच ८८५ फ्लीटवॅक्स पेस्टमध्ये येतं, लावायला जड पण खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. मिळत नसेल तर गाड्यांचा चांगला सिंथेटिक सीलंट वापरा आणि एक वेळ वाढवा. लावताना बॉडी थंड हवी. हाताला कोमट लागली तरी थांबा, नाही तर मेण वाळून चिकटतं आणि पुसायला दुप्पट वेळ जातो. कोकणात याचा अर्थ सकाळी दहिवर वाळल्यापासून दहापर्यंत, किंवा छपराखाली.

होडी पांढरट झाली की लोक थेट रंगाऱ्याला बोलावतात. त्याआधी त्या जागेवर पाणी मारा. ओली असताना मूळ रंग परत दिसला तर पिगमेंट जिवंत आहे, वर फक्त साय आहे, पॉलिशने निघेल. ओली असूनही फिकीच दिसली तर रंगवण्याशिवाय इलाज नाही.

साय काढायचा क्रम हलक्यापासून जडाकडे जातो. आधी शाम्पूने धुवा, वाळवा, मग सॉल्व्हंटच्या फडक्याने जुनं मेण काढा. मेण राहिलं तर कंपाउंड नुसतं घसरतं. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा निवडा आणि त्यावर नुसतं पॉलिश करून पाहा. त्याने नाही झालं तर कंपाउंड: रोटरी मशीनला लोकरीचा पॅड, वेग १२०० ते १५००, मशीन सतत हलतं. थ्रीएमचं जेलकोटसाठी बनवलेलं परफेक्ट-इट कंपाउंड या कामात गाड्यांच्या कंपाउंडपेक्षा सरस आहे, कारण जेलकोट गाडीच्या रंगापेक्षा जाड आणि वेगळ्या कडकपणाचा असतो. गाडीचं कंपाउंड वेळ खातं. तेवढ्याने भागलं नाही तरच वॉटर पेपर, १००० पासून सुरुवात, मग १५००, मग २०००, भरपूर पाण्यात, आणि पुन्हा कंपाउंड. शेवटी फोमचा पॅड लावून डीए (फिरत-डोलत चालणाऱ्या) मशीनने बारीक पॉलिश. ही शेवटची पायरी पांढऱ्यावर गाळता येते. निळ्यावर गाळली तर लोकरीच्या पॅडची गोल वलयं उन्हात दिसतात, आणि बहुतेक बफिंगवाले ती तशीच सोडून पैसे मागतात. मजुरी ठरवतानाच उन्हात उभं राहून काम तपासणार हे सांगा. २० फुटी गडद होडीला एका माणसाचा पूर्ण दिवस जातो, पांढरीला अर्धा.

जेलकोटची जाडी ही ठेवीसारखी आहे: प्रत्येक वॉटर पेपर त्यातून काढतो, परत भरत कुणी नाही. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन. नुसतं पॉलिश मोजके मायक्रॉन घेतं, पण ६०० नंबरचा पेपर निष्काळजीपणे मारला तर एका फेरीत त्याच्या कितीतरी पट जातं. कडांवर आणि नाळेच्या धारेवर जेलकोट मुळातच पातळ असतो, तिथे मशीन लावायच्या आधी पेंटरची टेप चिकटवा. जुनी गडद होडी घेणाऱ्याने पहिल्यांदा हीच जागा पाहावी. धारेवर हिरवट-पारदर्शक फायबर दिसत असेल तर ती होडी पॉलिशवर जगणारी राहिली नाही, पुढचा खर्च रंगाचा आहे, आणि किंमत त्या हिशेबाने पाडा.

जेटीवरचे टायर हे दुसरं संकट. रबराचे काळे पट्टे निळ्यावर कमी दिसतात, हा गडद रंगाचा मोजका फायदा; पण टायरमध्ये रुतलेली वाळू आणि तारा जेलकोट खरवडतात, आणि खरवडलेलं निळ्यावर जास्त दिसतं. स्वतःचे फुगवलेले फेंडर ठेवा, त्यांना कापडी खोळ घाला, खोळ दर आठवड्याला धुवा. काळे पट्टे रॉकेलच्या फडक्याने निघतात. लगेच साबणाने धुवा आणि तिथे पुन्हा मेण लावा.

खोल ओरखडा किंवा भेग दुरुस्त करताना भेगेच्या रेषेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच काढा, नुसतं वरून लावलेलं पुन्हा फुटतं. ॲसिटोनने पुसा. ५० ग्रॅम जेलकोटला दोन टक्के म्हणजे एक ग्रॅम कॅटलिस्ट, सुई नसलेल्या सिरिंजने सुमारे ०.९ मिलिलिटर. खाच थोडी उंच भरा आणि वर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक) प्लास्टिक शीट दाबून टेप लावा. हवा लागली तर पॉलिएस्टर जेलकोटचा वरचा थर चिकटच राहतो. दुसऱ्या दिवशी शीट काढून ३२०, ६००, १०००, १५०० असा पेपर आणि कंपाउंड. कॅटलिस्ट हाताळताना चष्मा घालाच, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) वेगळा येत असेल तर तो कॅटलिस्टमध्ये थेट कधीही मिसळू नये, स्फोट होतो. आधी ॲक्सिलरेटर जेलकोटमध्ये पूर्ण मिसळायचा, मग कॅटलिस्ट.

रंग जुळणं हे मात्र नशीब. पांढऱ्याच्या छटा जुळवता येतात. तीन वर्षं उन्हात राहिलेल्या निळ्याला डब्यातला निळा जुळत नाही. होडी घेतानाच त्याच बॅचची पिगमेंट पेस्ट २०० ग्रॅम बाटलीत मागून घ्या आणि रंगाचा आरएएल क्रमांक (छटेचा ठरलेला कोड) बिलावर लिहून घ्या. तयार जेलकोट साठवू नका, आपल्या उष्णतेत तो सहा महिनेही धड टिकत नाही, पेस्ट टिकते.

पाणरेषेशी दोन्ही रंगांचं दुखणं वेगळं. खाडीत राहणाऱ्या पांढऱ्या होडीला नाळेवर तपकिरी मिशी येते. हार्डवेअरच्या दुकानातलं ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, हातमोजे घालून लावा, दहा मिनिटांनी धुवा, गेली. निळीला त्याच जागी क्षाराची पांढरी रेघ येते, तिला अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर. दोन्हींनंतर मेण पुन्हा. पाण्यात कायम बांधून ठेवलेल्या होडीला बुडाला अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपल्या धरू न देणारा रंग) लागतं आणि ते पाणरेषेच्या पाच-सात सेंटीमीटर वर न्यावं, नाही तर रेषेवर शेवाळ आणि शिंपल्या धरतात आणि काढताना जेलकोट निघतो. जुने कथिलयुक्त टीबीटी रंग कुणी देऊ केले तर घेऊ नका. आंतरराष्ट्रीय करारानुसार ते २००८ पासून बंद आहेत. तांब्याचं अँटीफाउलिंग फायबरला चालतं, ॲल्युमिनियमच्या बॉडीला नाही.

जेलकोट संपला की टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून लावायचा रंग. तीन नावं ऐकू येतात: ऑलग्रिप, ऑलक्राफ्ट २००० आणि इंटरनॅशनलचं परफेक्शन, तिन्ही ॲक्झोनोबेलचीच. मूळ ऑलग्रिप चकाकीत आणि टिकाऊपणात वरचढ, पण त्यावर कंपाउंड मारता येत नाही आणि डागडुजी दिसते. जेटीला घासणाऱ्या होडीला ते देणं उधळपट्टी आहे. ऑलक्राफ्ट थोडं मऊ, पण घासता येतं, पॉलिश होतं, एखादा तुकडा रंगवून मिसळता येतो, फवाऱ्याने लावायचं. धंद्याच्या गडद होडीला हेच. परफेक्शन रोलर आणि ब्रशने लागतं, म्हणून जिथे फवाऱ्याची शेड नाही तिथे तेच सोयीचं. बेस दोन भाग, हार्डनर एक भाग. १० चौरस मीटरला तीन हातांना तयार रंग तीन लिटर धरा.

पूर्वतयारीवर रंग जगतो. आधी मेण काढायचं, दोन फडक्यांनी: एकाने सॉल्व्हंट लावायचा, तो वाळायच्या आत दुसऱ्याने पुसायचा. मग १८० किंवा २२० चा पेपर, गोड्या पाण्याने धुणं, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ३२० ते ४०० चा पेपर, आणि वरचे हात रोज एक. खड्डे भरायला गाड्यांची पॉलिएस्टर लांबी वापरू नका, ती पाणी पिते, इपॉक्सीची वापरा. मिठाचा कण जरी प्रायमरखाली राहिला तरी तो पाणी ओढून फोड आणतो, म्हणून किनाऱ्यावर उघड्यावर रंगकाम म्हणजे पैसे वाळूत. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात, दुपारचा खारा वारा सुटायच्या आत हात संपलेला. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा. ओल्या रंगावर संध्याकाळचं दव पडलं तर चकाकी मरते आणि दुधाळ ढग उमटतात, निळ्यावर सर्वांत आधी. पाणरेषेखाली हा रंग न्यायचा नाही, सतत पाण्यात तो फुगतो. फवारताना हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणारा रंगारी असेल तर त्याला रोलरचंच काम द्या.

साधा ऑइल पेंट फायबरवर स्वस्त पडतो आणि वर्षात सालपटासारखा निघतो. लाकडी होडीला मात्र तोच योग्य: लाकूड फुगतं-आकसतं, ऑइल पेंट त्याच्याबरोबर हलतो, कडक टू-पॅक फळ्यांच्या सांध्यावर तडकतो. लाकडाला वर ऑइल पेंट आणि आतून काजूच्या टरफलाचं तेल, ही जुनी जोडी अजून मोडीत निघालेली नाही.

व्हिनाइल रॅप ही मधली वाट. कास्ट प्रतीचं व्हिनाइल, वर लॅमिनेशन, पाणरेषेच्या पाच सेंटीमीटर वर संपवलेलं. खाली जेलकोट पांढरा असेल आणि चॉक (खडूसारखा पांढरट) झालेला नसेल तर दोन-तीन सीझन छान जातात, आणि उरलेल्या उन्हापासून जेलकोट वाचतो. पांढऱ्या फोम-बॉडीवर गडद व्हिनाइल लावू नका, उष्णता तीच राहते. जेटीला रोज घासणाऱ्या होडीला तर ते परवडतच नाही, एक टायर पुरे.

पावसाळ्याचं झाकण शेवटी, पण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. निळी ताडपत्री बॉडीला चिकटवून दोरीने आवळली की आत ओल अडकते, सरींमधल्या उन्हात वाफ होते आणि गडद जेलकोटवर पांढरे चट्टे आणि बारीक फोड येतात; वाऱ्याने फडफडणारी कड वर ओरखडे काढते ते वेगळं. बांबूचा सांगाडा उभारा, झाप किंवा ताडपत्री बॉडीपासून फूटभर लांब, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी. नाळ थोडी उंच, तळाचं बूच काढलेलं. टेकण दोन ओंडक्यांवर नको. तापून मऊ पडलेली बॉडी बिंदूभर टेकणावर खोलगट होते, म्हणून निदान चार ठिकाणी, जाड गालिच्याचे तुकडे घालून, आणि भार पठाणावर (तळाच्या कण्यावर). बाजूंची टेकणं फक्त तोल धरण्यापुरती. ऑगस्टमध्ये झाकण काढल्यावर टेकणांच्या जागा आधी तपासा, धुणं-मेण नंतर.